जुन्या कंपनीत लिहिलेला कोड नव्या कामात वापरता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा: एका कंपनीत काही वर्षं बॅकएंडचं काम केलं, रुजू होताना एनडीएवर (माहिती गुप्त ठेवण्याच्या करारावर) सही केली होती. तिथे असताना एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये जोडून वापरायचा तयार कोड, लिहिली. बाहेरच्या सेवेला रिक्वेस्ट पाठवायची, ती फसली तर थोडं थांबून पुन्हा पाठवायची आणि सगळ्याचा लॉग ठेवायचा, एवढंच तिचं काम. आता नोकरी सोडून फ्रीलान्स सुरू केलंय आणि पहिल्याच क्लायंटला नेमकं हेच हवंय. कोडची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर आहे. "ओळन् ओळ मीच लिहिली आहे, त्यात कंपनीचं गुपित असं काहीच नाही. व्हेरिएबलची नावं बदलून वापरली तर चालेल का? एनडीए तीन वर्षांचा आहे, तो संपल्यावर तरी?"

आधी सरळ उत्तर देतो. नावं बदलून चालणार नाही आणि तीन वर्षं थांबूनही चालणार नाही. मात्र तेच काम करणारी लायब्ररी नव्याने लिहायला बहुतेक वेळा तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. दुसऱ्यांदा लिहिलेली पहिलीपेक्षा चांगली होते, हा वरचा फायदा.

गोंधळ होतोय तो तुम्ही चुकीचा कागद हातात धरल्यामुळे. एनडीए सांगतो की काय बाहेर बोलायचं नाही. कोड कोणाचा, हे तो सांगत नाही. ते कॉपीराइटच्या कायद्याने आणि तुमच्या नेमणुकीच्या करारातल्या मालकीच्या कलमाने ठरतं, आणि नोकरदारासाठी हे दोन्ही एकाच बाजूला झुकलेले असतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ घ्या, ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याचं कलम ११ घ्या किंवा संगणक प्रोग्रॅमविषयीचा युरोपीय संघाचा २००९ चा निर्देश घ्या. शब्द वेगळे आहेत, निष्कर्ष एकच: नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमवरचे हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, कंपनीचे. अमेरिकेत तर कायद्याच्या लेखी अशा कोडचा लेखकसुद्धा कंपनीच असते. "मीच लिहिलं" या वाक्याला तिथे काही वजनच उरत नाही.

म्हणून "त्यात गुपित काही नाही" हा मुद्दा खरा असला तरी कामाचा नाही. गुपित नसलेल्या कोडवरही कॉपीराइट असतोच. मुदतीचंही तेच. एनडीए तीन वर्षांनी संपेल, पण कॉपीराइट भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो आणि अमेरिकेत अशा कामांवर प्रसिद्धीपासून ९५ किंवा निर्मितीपासून १२० वर्षं, यांतली जी मुदत आधी संपेल तितकी वर्षं. थोडक्यात, तुमच्या हयातीत तरी नाही.

"पण हे मी शनिवार-रविवारी लिहिलं होतं" असं कोणी म्हणतं, त्याला उत्तर देश आणि करार पाहूनच द्यावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेत कलम २८७० आहे. स्वतःच्या वेळात, कंपनीचं साधन न वापरता केलेलं आणि कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काम कंपनीला हिरावून घेता येत नाही, असा त्याचा आशय. प्रत्येक ठिकाणी असं संरक्षण नसतं. आणि तुमची लायब्ररी कंपनीच्याच सर्व्हरवर चालत होती, तेव्हा ती वाट तुमच्यासाठी तशीही बंद आहे.

स्वतःचाच कोड पुन्हा लिहिल्याबद्दल कोणी कोर्टात जातं का? जातं. ओरॅकल विरुद्ध गूगल हा खटला बहुतेकांना जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एपीआयमुळे (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीमुळे) माहीत आहे, पण त्यात नऊ ओळींचं एक फंक्शनही होतं: रेंजचेक. सुरुवातीचा इंडेक्स शेवटच्यापेक्षा मोठा नाही ना, शून्याखाली नाही ना आणि शेवटचा अ‍ॅरेच्या लांबीबाहेर जात नाही ना, एवढं ते तपासतं. ते जोशुआ ब्लॉक यांनी जावा बनवणाऱ्या सन कंपनीत (ती पुढे ओरॅकलने विकत घेतली) असताना लिहिलं होतं. पुढे ते गूगलमध्ये गेले, तिथे सॉर्टिंगचा कोड लिहिला आणि त्यात तेच फंक्शन आलं. न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी कोर्टातच सांगितलं की असा कोड मी स्वतः शंभरदा लिहिला असेल. तरीही २०१२ मध्ये ज्यूरीने त्या नऊ ओळींपुरतं कॉपीराइटचं उल्लंघन मान्य केलं. नुकसानभरपाई शून्य ठरली ती दोन्ही बाजूंनी तसं मान्य केलं म्हणून. एक कॉपी-पेस्ट इतकी वर्षं कागदोपत्री मागे लागते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तुमच्या पाठीशी गूगलचे वकील असणार नाहीत.

मात्र तुमच्या स्थितीला याहून जवळचा खटला जुना आहे आणि तो मी कामाला लागलेल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतो: कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्ताय, १९९२. कॉम्प्युटर असोसिएट्सच्या शेड्यूलरमध्ये (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अ‍ॅडॅप्टर नावाचा एक भाग होता. प्रोग्रॅम एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर न्यायचा तर सिस्टिमला केलेले कॉल भाषांतरित करण्याचं काम तो करायचा. तिथला एक प्रोग्रॅमर नोकरी सोडून अल्तायमध्ये गेला आणि जाताना अ‍ॅडॅप्टरचा सोर्स कोड सोबत घेऊन गेला. तसं करणार नाही, अशा करारावर त्याची सही होती. अल्तायलाही आपला शेड्यूलर दुसऱ्या सिस्टिमवर न्यायचा होता. त्या प्रोग्रॅमरने 'ऑस्कर' नावाचा भाग लिहून दिला, आणि ऑस्करच्या ३.४ आवृत्तीतला सुमारे ३० टक्के कोड अ‍ॅडॅप्टरमधून उचललेला होता. अल्तायच्या मालकांना याचा पत्ताच नव्हता. १९८८ मध्ये दावा दाखल झाला तेव्हा त्यांना कळलं.

त्यानंतर अल्तायने जे केलं, ते आजही या धंद्यातला सर्वांत चांगला धडा आहे. अ‍ॅडॅप्टरचा कोड कुलूपबंद केला. त्या प्रोग्रॅमरला त्या कामातून पूर्ण बाहेर ठेवलं. अ‍ॅडॅप्टर कधी न पाहिलेले आठ प्रोग्रॅमर बसवले आणि आपल्या शेड्यूलरला ऑपरेटिंग सिस्टिमकडून काय काय हवं आहे, एवढंच वर्णन त्यांच्या हातात दिलं. साधारण सहा महिन्यांत ३.५ ही आवृत्ती तयार झाली. निकाल असा लागला की ३.४ साठी अल्तायला ३,६४,४४४ डॉलर भरावे लागले आणि ३.५ कॉपीराइटच्या बाबतीत निर्दोष ठरली. कंपनी तीच, कामही तेच. फरक फक्त एवढाच की लिहिणाऱ्याच्या समोर काय होतं.

याच निकालाने तुलना करायची पद्धतही घालून दिली. दोन प्रोग्रॅममध्ये जे सारखं आहे त्यातून आधी कल्पना बाजूला काढायची, मग कार्यक्षमतेपोटी किंवा बाहेरच्या मर्यादांपोटी तसंच लिहावं लागतं ते काढायचं, जे सर्वांना खुलं आहे तेही काढायचं, आणि उरलेल्याची तुलना करायची. युरोपीय न्यायालयानेही २०१२ मध्ये सॅस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रॅमिंग या प्रकरणात सांगितलं की प्रोग्रॅम काय करतो यावर कॉपीराइट नसतो.

आता ही चाळणी तुमच्या लायब्ररीला लावून बघू. रिक्वेस्ट फसली की थांबायचं आणि दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करायचा. ही युक्ती ईथरनेटमध्ये १९७० च्या दशकापासून आहे, ती कोणाचीच नाही. त्या वेळात थोडी यादृच्छिक भर घालायची, म्हणजे सगळे क्लायंट एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. हेही कोणत्याही मोठ्या क्लाउड सेवेच्या दस्तऐवजात सापडेल. ठरावीक अपयशानंतर काही काळ रिक्वेस्ट पाठवणंच बंद ठेवायचं, हेही तसंच. हे सगळं डोक्यात घेऊन बिनधास्त बाहेर पडा.

पण समजा तुमच्या कोडमध्ये कमाल प्रयत्न सात आहेत. सातच का? कारण कंपनीच्या एका भागीदाराचा सर्व्हर आठव्या अपयशाला खातं लॉक करतो आणि ते कंपनीला एका वाईट रात्री कळलं. तो सातचा आकडा ही गोपनीय माहिती आहे, आणि इथे मात्र एनडीए खरोखर लागू होतो. तीच गोष्ट एरर कोडच्या तक्त्याची: कोणता एरर आला तर पुन्हा पाठवायचं, कोणता आला तर माणसाला कळवायचं. सेवेच्या जाहीर दस्तऐवजात नसलेलं, अनुभवातून जमलेलं शहाणपण त्यात असतं. "गुपित काही नाही" म्हणणाऱ्यांनी आपला कोड उघडून आधी कॉन्स्टंट्सची, म्हणजे ठरावीक आकड्यांची, फाइल बघावी. गुपितं तिथेच बसलेली असतात, अल्गोरिदममध्ये क्वचित. शिवाय नव्या क्लायंटचा भागीदार वेगळा, त्याच्या मर्यादा वेगळ्या. त्याच्या कोडमध्ये सातचा आकडा दिसला तर तो कुठून आला, याला तुमच्याकडे उत्तर नसेल.

नकल सिद्ध होते ती अशाच बिनकामाच्या खुणांवरून. कमेंटमधली स्पेलिंगची चूक, कुठेच न वापरलेला पॅरामीटर, तपासण्यांचा विशिष्ट क्रम, कधी काळी भरायची म्हणून ठेवलेली रिकामी एल्स ('नाहीतर काय' सांगणारी शाखा). सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे दोन्हीकडे तोच बग. दोन माणसं स्वतंत्रपणे सारखंच बरोबर लिहू शकतात, पण अगदी सारखंच चुकणं अवघड असतं. नावं बदलण्याचा उपाय म्हणून तर मुळीच करू नका. स्टॅनफर्डचं 'मॉस' हे कोडमधलं साम्य शोधणारं साधन १९९४ पासून वापरात आहे आणि नावं बदलून अशी साधनं फसत नाहीत. उलट नावं बदलली म्हणजे हे आपलं नाही हे तुम्हाला माहीत होतं, असा अर्थ निघतो. निष्काळजीपणाचं प्रकरण तिथेच लबाडीचं होतं.

मग नव्याने लिहायचं कसं? अल्तायसारखे आठ जण तुमच्याकडे नाहीत, आणि ज्याला जुना कोड पाठ आहे तो माणूस तुम्हीच. आठवणीतून उतरवलेलं हेही उतरवलेलंच, तेव्हा नुसती फाइल न उघडणं पुरेसं नाही. सुरुवातच वेगळ्या जागेवरून करा. जुन्या लायब्ररीची वैशिष्ट्यं समोर ठेवू नका, नव्या क्लायंटच्या गरजा लिहून काढा: कोणत्या सेवेशी बोलायचं, तिच्या मर्यादा काय, एक रिक्वेस्ट दोनदा गेली तर काय बिघडतं. हे क्लायंटकडून लेखी घ्या. मग त्या भाषेत अशा कामासाठी एखादी मुक्त-स्रोत (परवान्याच्या अटी पाळून कोणीही वापरू शकेल अशी) लायब्ररी आहे का ते बघा. बहुतेक वेळा असते आणि प्रश्न तिथेच मिटतो. (खरं सांगायचं तर असे निम्मे प्रश्न कोडवरच्या मायेचे असतात, गरजेचे कमीच.) लिहावंच लागलं तर पहिल्या दिवसापासून नव्या रिपॉझिटरीत (कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास ठेवायच्या जागेत) लिहा आणि छोटे छोटे कमिट करा, म्हणजे बदल नोंदवत जा. पहिल्याच कमिटमध्ये तयार, टेस्टसकट, चकचकीत लायब्ररी अवतरली तर ती कुठेतरी आधी होती, हे कोणालाही कळतं. अडखळत वाढलेला, मध्ये दोनदा दिशा बदललेला इतिहास हाच तुमच्या बाजूचा सर्वांत चांगला साक्षीदार. आणि सोबतीला कोणी प्रोग्रॅमर असेल तर गरजांचा कागद त्याच्या हातात देऊन तो भाग त्यालाच लिहू द्या.

लॅपटॉपवरच्या प्रतीकडे येऊ, कारण आज तुमच्यासाठी खरा धोका तोच आहे. कोड अजून कुठे वापरलेला नसला तरी प्रत बाळगणं हाच बहुतेक करारांचा भंग असतो. नोकरी सोडताना सगळं परत केलं, काही ठेवलं नाही, अशा कागदावर बहुधा तुम्ही सहीही केली असेल. गोल्डमन सॅक्सचे प्रोग्रॅमर सर्गेई अलेनिकोव्ह यांनी २००९ मध्ये नोकरी सोडताना ट्रेडिंग सिस्टिमचा कोड जर्मनीतल्या एका सर्व्हरवर चढवला. त्यातला मुक्त-स्रोत भाग हवा होता, असं त्यांचं म्हणणं होतं. महिन्याभरात अटक झाली, पुढे ९७ महिन्यांची शिक्षा झाली, आणि अपील कोर्टाने २०१२ मध्ये ती रद्द करेपर्यंत सुमारे वर्षभर ते तुरुंगात होते. त्यानंतर राज्याचा खटला उभा राहिला तो वेगळाच. तुमचं प्रकरण त्या पातळीचं नाही, पण सुरुवात तिथलीही एका प्रतीनेच झाली होती.

ती प्रत उघडू नका, दुसरीकडे हलवू नका, नव्या मशीनवर बॅकअपमधून येऊ देऊ नका. नुसती डिलीट करून मोकळं व्हावंसं वाटेल. कंपनीशी काही वाद चालू असेल, नोटीस आली असेल किंवा येईल असं वाटत असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका, कारण तेव्हा डिलीट करणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. तसं काही नसेल तर जुन्या मॅनेजरला आणि एचआरला दोन ओळींची मेल करा: कामाची काही फाइल माझ्या वैयक्तिक लॅपटॉपवर राहिल्याचं लक्षात आलं, ती वापरलेली किंवा कोणाला दिलेली नाही, ती कशी नष्ट करू ते कळवा. ही मेल पाठवायला अवघड वाटते. पण माझ्या पाहण्यात अशा मेलला "डिलीट करा, धन्यवाद" याखेरीज उत्तर आलेलं नाही.

एवढं करणारच असाल तर परवानगीही मागून बघा. लोक हे सुचवतसुद्धा नाहीत, आणि कंपन्या वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा हो म्हणतात, फक्त मागणी नेमकी हवी. "माझा कोड वापरू का" असं विचारलंत तर लीगलवाले नाहीच म्हणतील, तो त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त पर्याय. त्याऐवजी असं लिहा: "अमुक मॉड्यूलमधला पुनर्प्रयत्नाचा भाग सर्वसाधारण स्वरूपाचा आहे. त्यातली भागीदारांची नावं, मर्यादा आणि एरर तक्ते वगळून उरलेला भाग कंपनीने स्वतःच्या नावाने एमआयटी लायसन्सखाली खुला करावा, अशी विनंती आहे. वगळण्याचं काम कंपनीच्या देखरेखीखाली करायला मी तयार आहे." एमआयटी लायसन्स म्हणजे जवळपास कोणतीही अट न घालता वापरू देणारा परवाना. कोड कंपनीच्या नावाने खुला झाला की तुम्ही, तुमचा क्लायंट, कोणीही तो वापरू शकतं, आणि कंपनीला फुकट सुधारणा मिळतात. मात्र होकार लेखी हवा आणि सही करायचा अधिकार असलेल्या माणसाचा हवा. जुन्या टीम लीडने चहा पिताना "घे रे, कोण बघतंय" म्हटलं तर तो होकार नाही. त्या कोडचा मालक तोही नाही.

मुक्त-स्रोत म्हटलं की एक गैरसमज हमखास येतो: "आमचा कोड जीपीएल लायब्ररीवर बांधलेला होता, म्हणजे तो खुलाच आहे." तसं नाही. जीपीएल म्हणजे प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तर त्याचा कोडही द्यायला लावणारा परवाना. मूळ लायब्ररी खुली आहे, ती तुम्ही मूळ जागेवरून घ्या. कंपनीने केलेले बदल कंपनीच्या आतच वापरले असतील तर ते कोणाला द्यायची सक्ती जीपीएलमध्येही नाही.

आणि आजकालचा प्रकार: जुना कोड एआय असिस्टंटच्या चौकटीत चिकटवायचा आणि "हे वेगळ्या पद्धतीने लिहून दे" म्हणायचं. यात नकल तर राहतेच, वर कंपनीचा कोड तुम्ही तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर पाठवता, म्हणजे एनडीएचा भंग वेगळा. रिकाम्या पानापासून, गरजा सांगून त्याच्याकडून लिहून घेत असाल तर गोष्ट निराळी.

आता तुम्ही फ्रीलान्स आहात, तेव्हा इथून पुढे गणित बरंच उलटतं. नोकर नसलेल्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, लेखी करार करून दिला नसेल तर, सहसा त्याच्याकडेच राहतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका शिल्पकाराच्या खटल्यात नोकर आणि स्वतंत्र कारागीर यांतला फरक ठरवून दिला, तोच प्रोग्रॅमरना लागतो. भारतात हक्क लेखी देतानाही मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच क्लायंटच्या करारात "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे शब्द हटकून असतात. पण लक्षात घ्या, कॉपीराइट तुमच्याकडे राहिला तरी क्लायंटच्या एनडीएमुळे तोच कोड दुसऱ्याला देण्यावर बंधन येऊ शकतं. नोकरीत दुय्यम असलेला तो कागद आता मुख्य झाला. तो वाचताना चार अपवाद आहेत का बघा: आधीच जाहीर असलेली माहिती, तुम्हाला आधीपासून माहीत असलेली, तिसऱ्याकडून रीतसर मिळालेली आणि तुम्ही स्वतंत्रपणे तयार केलेली. डोक्यात आपोआप राहिलेलं सामान्य ज्ञान वापरायची मुभा देणारं कलमही काही करारांत असतं. ते घालून घ्यायचा प्रयत्न करा, अनेकदा मिळतं.

आणि ही नवी लायब्ररी लिहायला घेण्याआधी या पहिल्या क्लायंटशीच एक गोष्ट ठरवा. करारात आपल्या आधीच्या आणि सर्वसाधारण साधनांची यादी परिशिष्ट म्हणून जोडा. त्यांची मालकी तुमची आणि क्लायंटला ती वापरायचा कायमचा परवाना, असं लिहून घ्या. लायब्ररी क्लायंटच्या रिपॉझिटरीत न ठेवता स्वतःच्या रिपॉझिटरीत, स्वतःच्या लायसन्ससह ठेवा आणि त्याच्या प्रोजेक्टमध्ये पॅकेज म्हणून जोडा. त्याच्या मर्यादा, त्याचे तक्ते, त्याचे आकडे त्याच्याच कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) राहू द्या. त्याच करारात "हे काम माझं स्वतःचं आहे, दुसऱ्या कोणाचा हक्क यात नाही आणि तसं निघाल्यास नुकसान मी भरून देईन" अशी हमी तुमच्याकडून मागितलेली असेल. लॅपटॉपवरची ती जुनी फाइल वापरली असती, तर तुम्ही सही करणार होता ती याच ओळीखाली.